चारही चाकं नापास

“मॅडम, दर रविवारी माझ्या तोंडासमोर बसून हे न्हाई चालायचं,” हवाशेठ ओरडत होता. “गिऱ्हाईक माझं, गाडी त्याची, चाक त्याचं. तुमी मधी कोण?”

बाई रस्त्याच्या कडेला, एका पाहुण्या गाडीच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. लांब दांड्याचा पाना नटावर चढवला आणि दोन्ही हातांनी भार टाकला. नट आधी गप्प राहिला, मग दाढ उपटल्यासारखा किंचाळला.

“घट्ट आवळलंय म्हणता ना, शेठ?” बाई म्हणाल्या. “घट्ट म्हणजे किती?”

 बाईंनी पदराला खोचलेला खडू काढला आणि काळ्या टायरवर ठळक अक्षरात लिहिलं: नापास.

हे सगळं मी माझ्या झेरॉक्सच्या दुकानातून पाहिलं. परभणीत आमच्या गल्लीची रचना अशी, की माझ्यासमोर हवाशेठचं गॅरेज, गॅरेजला लागून बाईंचं घर. नाटकाचं पहिल्या रांगेतलं तिकीट मला जन्मभरासाठी लागलं होतं म्हणा ना. बाई झरीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. एकट्या राहायच्या. जुनी पांढरी गाडी स्वतः चालवत रोज झरीला जायच्या आणि यायच्या. आवाज कधी चढला नाही. पण शाळेतली पोरं म्हणे बाईंचा नुसता चष्मा टेबलावर दिसला तरी पाढे म्हणायला लागायची.

हवाशेठचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. गल्लीत पहिला कॉम्प्रेसर त्यानं आणला तेव्हापासून तो हवाशेठ. कॉम्प्रेसर म्हणजे हत्तीच्या पिल्लाएवढी लोखंडी टाकी, तिला नळी, नळीला हवेवर चालणारी बंदूक. नटावर टेकवली की टर्रर्र, झालं काम. त्या आवाजानं माझ्या झेरॉक्समधली अक्षरं हलून यायची. एकदा एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर अर्धा एकर कमी उमटला, तो माणूस तीन दिवस माझ्या दारात बसून होता. शेजारधर्म म्हणून मी बोललो नाही, पण मनात लिहून ठेवलं.

आता बाईंचं नि शेठचं काय होतं, ते सांगतो. ते सांगताना मी वाढवून सांगणार नाही. बाकी सगळं वाढवून सांगेन.

एकदा बाईंनी शेठकडे चाकं अदलाबदल करून घेतली. पुढची मागं, मागची पुढं. शेठनं बंदुकीनं नट आवळले. बाई म्हणाल्या, “शेवटचं हातानं आवळा. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो, तेवढंच.”

शेठ हसला. “मॅडम, बंदुकीनं आवळलंय. जन्मात निघायचं न्हाई.”

आठवड्यानं बाईंना शाळेत बोरीहून भावाचा फोन आला. आईला बरं वाटेना, येऊन जा. बाईंनी घाबरू नये म्हणून त्यानं निम्मंच सांगितलं. बाई झरीहूनच निघाल्या. चार-पाच किलोमीटर गेल्या नसतील तोच मागचं चाक बसलं. पंक्चर म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. स्टेपनी होती, जॅक होता, गाडीसोबतचा छोटा पाना होता. बाईंनी पाना लावला. नट हलेना. बाई पान्यावर उभ्या राहिल्या. हलेना. रस्त्यानं जाणारे तीन शेतकरी थांबले, आळीपाळीनं त्या पान्यावर नाचले. पाना वाकला, नटाचे कोपरे गोल झाले, चाक जिथल्या तिथं. आई किती आजारी आहे ते ठाऊक असतं तर बाईंनी पहिल्याच गाडीला हात केला असता. दीड तास गेल्यावर त्या एका टेंपोत बसल्या. बोरीला पोचल्या तेव्हा आई जाऊन अर्धा तास झाला होता. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत ती दाराकडे बघत होती, असं भावानं सांगितलं. ते त्यानं सांगायला नको होतं.

दहा दिवसांनी बाई गॅरेजवर आल्या. मी झेरॉक्स बंद करून कान लावला. बाईंनी रडारड केली नाही. घडलं तेवढं सांगितलं आणि म्हणाल्या, “एकदा म्हणा, चूक झाली. मला दुसरं काही नको.”

शेठच्या पुढ्यात चार गिऱ्हाईकं उभी होती. चारचौघांत वाकायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, “वाईट झालं, मॅडम. पर नट घट्ट होता म्हंजे काम चोख होतं. तुमची ताकद कमी पडली, त्याला मी काय करू?”

बाईंनी मान हलवली. वर्गातल्या पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर हलवतात तशी. आणि घरी गेल्या.

त्यानंतर बाईंच्या घरी पार्सलं यायला लागली. गोट्यांचा, म्हणजे नटावर बसणाऱ्या लोखंडी टोप्यांचा सेट आला. बाईंच्या उंचीएवढा लांब दांडा आला (माझ्या बायकोच्या मते हातभर होता, पण ती माझ्यासारखं नीट बघत नाही). मग निळ्या डबीतून टॉर्क पाना आला. त्याच्या मुठीवर आकडा लावायचा आणि नट आवळायला घ्यायचा; आकडा गाठला की पाना कट् असा आवाज करतो. कट् झालं की थांबायचं. बाईंनी आधी स्वतःच्या गाडीवर हात बसवला. ब्रेकची पाती बदलली, ऑईल बदललं, प्लग काढून पुसून परत लावले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडं बोनेटवर भाकरी भाजून निघते, त्या उन्हात बाई गाडीखाली आडव्या. नुसते पाय दिसायचे. येणारे-जाणारे विचारायचे, बाई गेल्या का काय? मी सांगायचो, अजून नाही, आधी दुसऱ्याला पोचवायचंय.

शाळा उघडल्यावर पहिल्याच रविवारी बाईंनी फाटकाबाहेर स्टूल टाकलं आणि पुठ्ठा लावला: चाकाचे नट हाताने तपासून मिळतील. फुकट.

फुकट म्हटल्यावर परभणीचा माणूस थांबणार नाही असं होत नाही. शेठच्या गॅरेजमधून गाडी बाहेर पडली की दहा पावलांवर बाई. एकेक नट लांब दांड्यानं सैल करायच्या, तो कसा ओरडतो ते मालकाला ऐकवायच्या, पुन्हा बोटांनी फिरवून बसवायच्या, शेवटी टॉर्क पान्यानं कट्. मग टायरवर खडूनं निकाल. चार चाकं, चार निकाल, चारही तेच. गाड्या नापास होऊन गावभर फिरायच्या. बसस्टँडवर नापास, मोंढ्यात नापास, स्टेशनवर नापास. एकदा तर नवरदेवाची सजवलेली गाडी तशीच मांडवात गेली. मुलीकडच्यांनी आधी नवऱ्याचं शिक्षण काढलं, मग दहावीची मार्कशीट मागितली. ती दाखवून झाल्यावर अक्षता पडल्या. हे मी स्वतः पाहिलं नाही, पण मीच सगळ्यांना सांगितलंय, त्यामुळे खरं धरायला हरकत नाही.

शेठ ओल्या फडक्यानं टायर पुसत गाडीमागं पळायचा. मग त्यानं ओळखीच्या एका हवालदाराला बोलावलं. हवालदार स्वतःच्या गाडीतून आला, तिथंच शेठचं चुकलं. त्या गाडीचं काम शेठकडंच असायचं.

“मॅडम, काय करायलाव तुमी इथं?” हवालदारानं दरडावून विचारलं.

“तुमची गाडी बघू का?” बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासानं हवालदार नापास होऊन गेला. जाताना शेठकडं अशा नजरेनं बघून गेला, की शेठनं दोन दिवस शटर अर्धंच उघडलं.

त्याच सुमारास मला अवदसा आठवली. शेठकडं हवेची बंदूक, बाईंकडं हातपाने, मग मी काय नुसतं बघत बसू? मी बॅटरीवर चालणारी बंदूक मागवली. नळी नको, टाकी नको, बोट दाबलं की भुर्र. पहिल्या दिवशी मी घरातला जो नट दिसेल तो आवळला. पलंग आवळला, कूलर आवळला, शिवणयंत्र असं आवळलं की त्याचं चाक आजतागायत फिरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीचं ऑईल बदलायला घेतलं. खालचा बोल्ट बंदुकीनं काढला, बंदुकीनंच लावला. बोल्ट फिरत गेला, फिरत गेला, मला वाटलं आता पाताळात जाऊन शेषाच्या डोक्यात बसतोय. आटेच खाऊन टाकले होते त्यानं. सकाळी गल्लीत ऑईलचा ओढा, त्यात दूधवाला आडवा, आणि समोर हवाशेठ पोट धरून हसायलाय. “ओ झेरॉक्स,” म्हणाला, “एक प्रत आमाला बी काढा की त्या बोल्टाची.” हे पण मी मनात लिहून ठेवलं.

बाई आल्या, बोल्ट हातात घेतला, बोटानं आटे चाचपले.

“भाऊ, मशीनशी वैर नाही माझं,” म्हणाल्या. “घरी काम करणाऱ्यानं एवढं बघावं. हवेची बंदूक दिवसाला वीस गाड्या करणाऱ्याला परवडते. घरच्या छोट्या कॉम्प्रेसरची हवा दोन नटांत संपते, मग बसा टाकी भरायची वाट बघत. शिवाय टाकीत हवेतून साठणारं पाणी काढत बसा. लाईट गेली की सगळंच गेलं. तुमची बॅटरीची बरी, गंजलेला नट सोडवायला छान. पण तिला थांबायचं कळत नाही. हाताला कळतं. सुरुवात बोटांनी करायची, शेवट हातानं करायचा. मधलं जे असेल ते खुशाल मशीननं करा.”

मी विचारलं, “मग शेठला हेच नीट समजावून का सांगत नाही?”

“समजावलं होतं. चाकं बदलताना,” बाई म्हणाल्या आणि बोल्ट माझ्या हातात ठेवून निघून गेल्या.

असे तीन दसरे गेले. शेठची गिऱ्हाईकं पातळ झाली, पण मान ताठच. त्याला वाटायचं, बाई थकतील. अहो, ज्या बाईनं पंचवीस वर्षं सातवीच्या पोरांना घनता शिकवली, ती काय थकणार?

चौथ्या दसऱ्याला मजा झाली. मजा म्हणजे, मला झाली.

दसऱ्याला आमच्या गल्लीत हत्यारं पूजेला बसलेली असतात. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळं धुऊन-पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन होईपर्यंत हात लावायचा नाही. शेठच्या गॅरेजात कॉम्प्रेसरला झेंडूचा हार, बंदुकीला कुंकू, सगळे पाने एका ओळीत पाटावर. माझी बॅटरीची बंदूकही देव्हाऱ्याखाली फुलं घेऊन बसलेली. गल्लीत एकच घर असं होतं, जिथं हत्यारांची पूजा नव्हती. बाईंच्या घरी त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून, फाटकाला कुलूप लावून त्या बोरीच्या विहारात वंदनेला निघाल्या होत्या.

शेठही निघाला होता. नवी उंच गाडी, तिला हार, शेठच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. मागच्या सीटवर ऐंशीच्या घरातली त्याची आई, मांडीवर आपट्याची पानं. झरीला तिचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला. दर दसऱ्याला सगळ्यांच्या आधी बहिणीनं त्याला सोनं द्यायचं, हा त्या दोघांचा लहानपणापासूनचा नेम. यंदाचा शेवटचा, असं डॉक्टर बोलून बसला होता.

शेठनं गाडी मागं घेतली आणि देवीच्या मंडपवाल्याचा खिळा मागच्या चाकात गेला.

तो खाली उतरला. घाम न पुसता त्यानं गाडीतला छोटा पाना काढून नटाला लावला. ते नट त्यानं स्वतःच्या बंदुकीनं, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या गाडीचे म्हणून जास्तच जीव लावून आवळले होते. पान्यावर उभा राहिला, उड्या मारल्या. पाना केळीच्या पानासारखा लवला. तो गॅरेजकडं वळला तशी गाडीतून म्हातारी ओरडली, “आज हत्याराला हात लावायचा न्हाई हां. भाऊ मरंना का, पर आज न्हाई.” तसंही मंडपवाल्यानं आकडे टाकून अख्ख्या गल्लीची लाईट घालवली होती, कॉम्प्रेसर हार घालून नुसता बसला होता.

मग तो माझ्याकडं आला. “झेरॉक्स, तुमची ती बॅटरीची...”

“चार्ज न्हाई, शेठ,” मी म्हणालो. “आन् पूजेत हाय.”

पूजेत होती हे खरं. पण मांडायच्या आधी मी ती पूर्ण चार्ज करून ठेवली होती. तुमच्यापासून काय लपवायचं? मी खुर्ची बाहेर काढली आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

शेठ दोन-तीन घरांवरून नजर फिरवत शेवटी बाईंच्या फाटकासमोर, त्या गाडीत बसायच्या बेतात होत्या तिथं, जाऊन उभा राहिला. गल्ली गच्च भरली होती. सणाची माणसं, सगळी नव्या कपड्यात. त्या सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, “मॅडम, तुमचा तो लांबडा पाना द्या. तुमच्यात पूजा नसती ना आज.”

बाई मागं वळल्या. कुलूप उघडून आत गेल्या. लांब दांडा, गोटी आणि टॉर्क पाना घेऊन आल्या आणि शेठच्या गाडीपाशी, रस्त्यावर कागद टाकून त्यावर सगळं ठेवलं. शेठ हात जोडून म्हणाला, “तुमीच जरा लावता का? तुमचा हात बसलाय.”

“नट कुणी आवळलेत?”

“मीच.”

“मग मला कसे निघतील?” बाई म्हणाल्या. “माझी ताकद कमी पडते.”

 मी चहाची बशी खाली ठेवली.

शेठची मान पहिल्यांदा खाली गेली. बाईंनी त्याच्या गाडीचं मागचं दार उघडलं. म्हातारी आपट्याची पानं पोटाशी धरून बसली होती, डोळे भरलेले. बाई किती वेळ तिच्याकडं नुसत्या बघत राहिल्या.

“आजी, उतरा,” मग म्हणाल्या. “मी बोरीलाच चाललेय. झरी वाटेत आहे. येताना घेऊन येते.”

“तुज्या गाडीचं चाक नीट हाय का गं, बाई?”

“हातानं लावलंय.”

म्हातारी पुढच्या सीटवर बसली. पांढरी गाडी गेली. आणि हवाशेठ कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, गावासमोर, हातानं नट काढायला बसला.

दोन तास लागले त्याला. पहिल्या नटाला सदरा फाटला, दुसऱ्याला तळहाताचा फोड फुटला, तिसऱ्याला त्यानं बंदूक बनवणाऱ्या कंपनीच्या सात पिढ्या मोजल्या, चौथ्याला तो रडला असं माझं म्हणणं आहे आणि घाम होता असं त्याचं. पाचवा नट बोल्टासकट तुटून हातात आला. मी तीन वेळा चहा घेतला. एकदा त्यालाही पाठवला, बिनसाखरेचा.

संध्याकाळी बाई म्हातारीला घेऊन परतल्या. म्हातारीच्या तोंडावर समाधान होतं. भावानं पानं उशाखाली ठेवून घेतली म्हणाली. गाडीतून उतरता उतरता लेकाला म्हणाली, “बाईची गाडी लय मऊ चालती रे.”

शेठ पाने घेऊन बाईंच्या फाटकापाशी गेला. दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या. आवाज इतका बारीक, की मला रस्ता ओलांडून जावं लागलं.

“मॅडम, चूक झाली,” तो म्हणाला. “त्या टायमाला बी माझीच होती.”

चार दसरे ज्या दोन शब्दांसाठी बाई रस्त्यावर बसल्या होत्या, ते आले.  बाईंनी दांडा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि परत त्याच्या हातात दिला.

“पाना पुसून द्या,” म्हणाल्या.

त्यानं फाटक्या सदऱ्यानं पुसून दिला.

पुढच्या रविवारी मला वाटलं, आता स्टूल येणार नाही. ठरल्या वेळेला आलं. शेठच्या गॅरेजातून गाडी निघाली, बाईंनी पाना लावला. नट किंचाळला नाही, निमूट सुटला. शेठ दारात उभा राहून नखं खात होता. बाईंनी चारही चाकं तपासली आणि टायरवर लिहिलं: ३५. काठावर पास. त्या दिवशी शेठनं गिऱ्हाईकाला ते टायर पुसू दिलं नाही.

मग बाई निवृत्त झाल्या. बोरीला आईचं घर होतं, तिकडं राहायला निघाल्या. सामान टेंपोत चढत होतं. हत्यारांची पेटी सगळ्यात शेवटी, बाईंनी स्वतः चढवली. हवाशेठ दोरी बांधायला आला होता, बांधून गॅरेजात निघून गेला. आता रविवारी मी काय बघू, हा माझा प्रश्न होता, पण तो बाईंना विचारण्यासारखा नव्हता. म्हणून दुसरा विचारला.

“बाई, शेठला माफ केलंत ना?”

बाईंनी टेंपोभोवती एक चक्कर मारली, एकेक दोरी बोटानं दाबून पाहिली.

“नाही,” म्हणाल्या. “ती मागची दोरी सैल आहे. जरा ओढा.”